आल्डी-लिडलमधून सायकलचं सामान: काय घ्यावं, काय तपासावं, काय तिथेच ठेवावं

ब्रिटन-जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाची आल्डी आणि लिडलशी ओळख होते ती दूध, कांदे आणि तेलामुळे. पण या दोन्ही दुकानांच्या मधल्या रांगेत एक वेगळंच जग असतं. तिथला माल आठवड्याला बदलतो: एकदा वेल्डिंगचा मुखवटा, मग तंबू, मग स्कीइंगचे मोजे. वसंतात आणि पुन्हा शरद ऋतूच्या सुमारास सायकलच्या सामानाची पाळी येते. लिडलमध्ये त्यावर 'क्रिव्हिट' हे नाव असतं, आल्डीत 'क्रेन' किंवा 'बाइकमेट'. सायकलच्या दुकानातल्या किमतीच्या निम्म्याने, कधी त्याहूनही कमी पैशांत ते मिळतं. त्यातलं काही वर्षानुवर्षं टिकतं आणि काही पहिल्याच वापरात तुमचा क्रँक (पायडल जोडलेला हात) किंवा बोल्ट खराब करून ठेवतं. दोन्ही एकाच टोपलीत, सारख्याच पुठ्ठ्यात असतात, म्हणून वस्तुगणिक पारख करायला हवी.

निघण्यापूर्वी: आकडे फोनमध्ये

या दुकानात विचारायला कोणी नसतं. काउंटरवरच्या मुलीला तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता ते माहीत असण्याचं कारण नाही. त्यामुळे घरूनच आकडे घेऊन जा.

टायरच्या कडेवर इंचांबरोबर '३७-६२२' असा एक जोड आकडा कोरलेला असतो. पहिला म्हणजे टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. विश्वास याच आकड्यावर ठेवा, इंचांवर नको. दुकानातला '२८ इंच' म्हणजे आज जवळजवळ नेहमीच ६२२. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचा २८ इंच मात्र ६३५ चा, आणि नेदरलँड्सकडून आलेल्या जुन्या सायकलींवर तो अजूनही सापडतो. ब्रिटनमध्ये कोणाकडून तीन गिअरची जुनी रॅले घेतली असेल तर तिचं '२६ इंच' चाक बहुधा ५९० चं असतं आणि माउंटन बाइकचं '२६ इंच' ५५९ चं. टायर चुकला तर बसतच नाही. ट्यूब मात्र ताणून बसते, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि मग ती घड्या पडून किंवा जास्त ताणल्यामुळे फाटते.

व्हॉल्व्ह तीन प्रकारचे. मोटारीच्या चाकाला असतो तो जाड श्रेडर, बारीक आणि टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा, आणि आपल्याकडच्या साध्या सायकलींना असतो त्याच कुळातला डनलॉप. जर्मनीत शहरी सायकलींना हा तिसरा अजून सर्रास दिसतो. प्रेस्टासाठी रिमचं भोक ६.५ मिमी असतं, श्रेडरसाठी ८.५. बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह जाणारच नाही. उलट मोठ्या भोकात प्रेस्टा घातला तर तो हलत राहतो आणि बुडाशी चिरतो, त्यासाठी रबराची किंवा धातूची कमी करणारी रिंग लागते. डनलॉपसाठी वेगळा पंप नको, प्रेस्टाचंच तोंड चालतं.

याशिवाय कॅरिअरच्या दांड्याची जाडी, डोक्याचा घेर (भुवयांच्या वर बोटभर, सेंटिमीटरमध्ये), छातीचा घेर आणि बुटाचा युरोपीय नंबर लिहून ठेवा. टायरच्या कडेचा फोटो काढलात तर उत्तमच.

कधी जायचं

ब्रिटनमध्ये दोन्हीकडे नवा माल गुरुवारी आणि रविवारी लागतो. जर्मनीत रविवारी दुकानंच बंद, तिथे साधारण सोमवार आणि गुरुवार. येणाऱ्या आठवड्याचं पत्रक आधीच दुकानात आणि ॲपवर येतं. माल प्रत्येक दुकानाला ठरावीक येतो आणि संपला की पुन्हा भरत नाहीत, 'पुढच्या आठवड्यात येईल' असं काही नसतं.

त्यातून एक साधा हिशेब निघतो. दुरुस्तीचा स्टँड, मेरिनो लोकरीचे कपडे आणि एस किंवा एम मापाची कोणतीही वस्तू पहिल्या दिवशी सकाळीच घ्या. पॅच, तेल, साबण, एक्सएल-डबल एक्सएल जॅकेट, विचित्र रंगाचे हातमोजे हे दोन-तीन आठवडे पडून राहतात आणि मग त्यांवर सवलतीची लाल चिठ्ठी लागते. मोठ्या शहराच्या मध्यातल्या दुकानापेक्षा जिथे लोक मोटारीनेच येतात अशा उपनगरातल्या दुकानात सायकलचा माल जास्त दिवस राहतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: सायकलच्या आठवड्याबाहेरही सायकलचं सामान मिळतं. थंडीतल्या स्कीच्या आणि धावण्याच्या मालात आतले गरम कपडे, गळपट्टे, हेल्मेटखाली जाणाऱ्या पातळ टोप्या असतात. सायकलवर ते तितकेच चालतात आणि त्यांच्यामागे गर्दी कमी असते.

कपडे: पैसे खरे इथे वाचतात

कापडात मोठी जोखीम नाही. वाईटात वाईट झालं तर शिवण उसवेल. म्हणून सुरुवात कपड्यांपासून करा.

गादीची चड्डी निवडताना एक हात आत घालून कापड बोटांवर ताणा आणि दिव्याकडे धरा. बोटं स्पष्ट दिसली तर वाकून बसल्यावर तुमच्या मागच्या सायकलस्वारालाही सगळं दिसेल. मग गादी दाबा. दाबल्यावर बोटांना पलीकडचं बोट टेकलं तर ती स्पंज लवकर बसणार. गादीची शिवण मांडीच्या आतल्या बाजूला उंच, टोचरी असू नये. सपाट शिवलेली हवी. घालून पाहताना ताठ उभं राहून ठरवू नका. हँडलवर वाकता तसं वाका, मग गादी बसायच्या हाडांखाली येते की पुढे सरकते ते कळतं. आत दुसरी चड्डी घालायची नाही, नाहीतर तिच्याच शिवणी घासतात आणि गादीचा उपयोगच जातो. तासा-दोन तासांच्या फेरीला या चड्ड्या व्यवस्थित चालतात. दिवसभराच्या प्रवासाला मात्र डेकॅथलॉनची मधल्या किमतीची किंवा सायकलच्या दुकानातली घ्यावी, कारण इथल्या गाद्या बहुधा सगळीकडे एकाच घनतेच्या असतात.

जर्मन पुरुषी मापाचा आकडा म्हणजे छातीच्या घेराचा निम्मा: ५० म्हणजे १०० सेंमी. एम बहुतेक वेळा ४८/५० असतं. आपल्याकडे एल घालणारा माणूस तिथल्या एममध्ये आरामात मावतो, आणि सायकलवर ढगळ कपडा फडफडतो, चेनमध्ये जातो. तेव्हा सवयीने एल उचलू नका.

पावसाचं जॅकेट घेताना लेबलावर पाण्याच्या स्तंभाचा आकडा (कापड पाण्याचा किती दाब सोसतं ते) शोधा. ५,००० मिमी म्हणजे अर्ध्या तासाच्या ऑफिस-फेरीला पुरे. १०,००० असेल आणि शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या असतील तर तासभराच्या संततधारेतही टिकेल. पट्टी नसेल तर आकडा कितीही मोठा असो, पाणी सुईच्या भोकांतून आत येतं. जॅकेट उलटं करून खांद्याची शिवण बघा, तिथेच सगळ्यात आधी गळतं. मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब आणि बाही हात पुढे केल्यावर मनगटापर्यंत पोहोचणारी हवी. स्वस्त जॅकेटची खरी अडचण बाहेरच्या पावसाची नाही, आतल्या घामाची आहे. घामाची वाफ बाहेर जाऊ देण्याचा आकडा ३,००० च्या आसपास असेल तर चढावर तुम्ही आतूनच भिजाल. काखेत झिप किंवा पाठीवर झाकलेली जाळी असलेलं मॉडेल निवडलं की हा त्रास बराच कमी होतो.

काही महिन्यांनी पाणी मोत्यासारखं घरंगळायचं थांबतं आणि कापड ओलं दिसू लागतं, तेव्हा जॅकेट फेकू नका. फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवा आणि लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर फिरवा. वरचा लेप उष्णतेने पुन्हा जागा होतो. सॉफ्टनर गादीच्या चड्डीलाही नको, तो धाग्यांवर थर धरतो आणि घाम शोषायचा थांबतो.

मेरिनो लोकरीचा आतला सदरा दिसला तर टक्केवारी वाचून घ्या. १०० टक्के असेल तर उबदार आणि वास न धरणारा, पण नाजूक. मिश्र असेल तर थोडा जास्त टिकतो. या दुकानांतली ही सर्वांत मोलाची खरेदी, हे आमचं ठाम मत.

हातमोजे दुकानातच चढवा आणि हवेत ब्रेक दाबा. बोटांच्या टोकाशी कापड गोळा होत असेल तर गिअर बदलताना चाचपडावं लागेल. बुटांवरची आवरणं एक नंबर मोठी घ्या, झिप ओढताना फाटतात ती तंग असली की.

हेल्मेट

ब्रिटनमध्ये हेल्मेट घालण्याची सक्ती नाही, जर्मनीतही नाही. पण विकायचं असेल तर ते ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीतून गेलेलं असावं लागतं. आतल्या चिकटपट्टीवर हा आकडा, मापाचा घेर, वजन आणि उत्पादनाची तारीख असते. वीस पौंडांचं हेल्मेट आणि दीडशेचं हेल्मेट हीच किमान परीक्षा देतात. महागात हवा खेळती असते, वजन कमी असतं, काहींत डोकं वळण्याचा झटका कमी करणारं जास्तीचं अस्तर असतं. (ब्रिटनमध्ये सायकलच्या हेल्मेटवर व्हॅट शून्य आहे.)

म्हणजे निर्णय बसण्यावर आहे. हेल्मेटच्या मागची आवळायची चकती सैल करून ते डोक्यावर ठेवा. कडा भुवयांच्या वर दोन बोटं आली पाहिजे. चकती आवळा, पट्टे न लावता मान खाली करून डोकं हलवा: हेल्मेट पडता कामा नये. मग पट्टे असे लावा की दोन्ही बाजूंचा जोड कानाखाली इंग्रजी व्हीसारखा येईल आणि हनुवटीखाली एक बोट जाईल. डोकं लांबट आणि हेल्मेट गोल असेल तर कपाळावर दोन बिंदू टोचतील. जाड पट्टी चिकटवून ते सुटत नाही, दुसरं मॉडेल घ्या. कोपरा दबलेल्या पुठ्ठ्यातलं हेल्मेट सवलतीत मिळत असलं तरी नको. आतल्या फोमला तडा गेला असेल तर तो बाहेरून दिसत नाही.

दिवे: देश बदलला की नियम बदलतो

जर्मनीत नागमोडी रेघ, तिच्यापुढे रोमन 'के' आणि पाठोपाठ आकडा अशी खूण नसलेला दिवा रस्त्यावर चालत नाही. लुकलुकणारा दिवाही चालत नाही. खूण असलेल्या पुढच्या दिव्याचा प्रकाश वरून कापलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. शहरातल्या उजेडात २०–३० लक्स (रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरतात. कालव्याकाठच्या अंधाऱ्या वाटेवर ५०च्या वर हवेत.

ब्रिटनमध्ये अंधार पडल्यावर पुढे पांढरा, मागे लाल दिवा, मागे लाल परावर्तक आणि पायडलवर पिवळसर परावर्तक लागतात. लुकलुकणारा दिवा मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकत असेल तर चालतो. क्लिपचे पायडल लावणारे पायडलचे परावर्तक विसरतात, हे जाता जाता.

दुकानात पुठ्ठ्यावरचा 'लुमेन' आकडा बघून भुलू नका. तो एकूण प्रकाश सांगतो, रस्त्यावर किती पडतो ते नाही. बघायचं ते बॅटरी किती तास चालते, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का. बहुतेक स्वस्त दिवे आयपीएक्स४ दर्जाचे, म्हणजे शिंतोडे सोसणारे. मागच्या चाकाचं पाणी सरळ त्या झाकणावर उडतं आणि दिवे बिघडतात ते बहुधा याच भोकातून. मडगार्ड नसेल तर झाकणाच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. रबरी पट्ट्याने बांधायचा दिवा घेतलात तर पट्टा उन्हात चिरतो, म्हणून जास्तीचा पट्टा असलेलं पाकीट निवडा.

पंप आणि ट्यूब

उभा, पायाने दाबून धरायचा मोठा पंप जरूर घ्यावा. पायाखालची पट्टी पत्र्याची हवी, प्लास्टिकची असेल तर ५ बारच्या (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) वर जोर लावताना वाकते. काटा खाली असेल तर आकडे मोठे असावेत. स्वस्त पंपाचा काटा थोडा चुकतो, पण रोज तेवढाच चुकतो, म्हणून एकदा खात्रीच्या मापाशी ताडून फरक पंपावरच मार्करने लिहून ठेवला की काम झालं.

हवा किती, यासाठी टायरच्या कडेवरची किमान-कमाल मर्यादा आधी पाहा. त्या मर्यादेत, साधारण ७५ किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये ५ बारच्या आसपास, ३७ मिमीमध्ये ३.५ ते ४, ४७ मिमीमध्ये ३. पुढच्या चाकात थोडी कमी. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

पंप बिघडतो तो दोन जागी. तोंडातली रबरी वायसर झिजते आणि हवा फुसफुसते. बऱ्याच पंपांत हीच वायसर उलटून बसवली की श्रेडरचं तोंड प्रेस्टाचं होतं, तेव्हा झीज समजण्याआधी ती उलटी बसली नाही ना ते बघा. दुसरं म्हणजे आतल्या दट्ट्याची रिंग कोरडी पडते. वरचं झाकण फिरवून काढा आणि दोन थेंब सिलिकॉन तेल सोडा.

ट्यूब घेताना वरचे आकडे जुळवा आणि खोल रिम असेल तर व्हॉल्व्हची लांबी बघा, ४० मिमीचा व्हॉल्व्ह खोल रिममधून पुरेसा बाहेर येत नाही. जर्मन पुठ्ठ्यावर ट्यूब म्हणजे 'श्लाउख', टायर म्हणजे 'राइफन'. पंक्चरच्या डबीत सोल्युशनची नळी बंद आहे ना ते चाचपून बघा, दुकानात पडून राहिलेल्या डब्यांत ती वाळलेली निघते. सोल्युशन लावल्यावर चमक जाईपर्यंत, तीन ते पाच मिनिटं, थांबायचं आणि मग पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी सुटतो. चिकट पाठीचे पॅच फक्त घरी पोहोचण्यापुरते.

हत्यारांची पेटी आणि स्टँड

प्लास्टिकच्या पेटीतला हत्यारांचा संच मोहात पाडतो. पेटीतलं प्रत्येक हत्यार वेगळ्या लायकीचं असतं.

कॅसेटचं (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचं) दातेरी सॉकेट आणि चेनचा तुकडा लावलेला दांडा: वर्षातून दोनदा कॅसेट काढणाऱ्याला उत्तम. परत बसवताना लॉकरिंगला, म्हणजे कॅसेट जागी धरणाऱ्या रिंगला, ४० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लागतात, म्हणजे हातभर पान्ह्यावर चांगला जोर. टायर काढायच्या पट्ट्याही ठीक.

ॲलन की मात्र मऊ पोलादाच्या असतात. टोकं गोल होतात आणि जाता जाता बोल्टचं भोकही गोल करतात. ४, ५ आणि ६ मिमीच्या चांगल्या कंपनीच्या किल्ल्या वेगळ्या घ्या, नव्वद टक्के काम त्याच करतात. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट साधारण ५–६ न्यूटन-मीटरचेच असतात, लांब बाजूने जोर लावून तुटतात.

क्रँक ओढायचं हत्यार वापरण्याआधी तुमचा क्रँक चौकोनी दांड्याचा आहे का ते पाहा. पोकळ दांड्याच्या नव्या क्रँकला ते लागत नाही. चौकोनी असेल तर आतला बोल्ट काढा, वायसर राहिलं नाही ना ते बघा, आटे साफ करा आणि हत्यार हाताने शेवटपर्यंत आत फिरवा, मगच दांडा दाबा. दोन आट्यांवर अडकवून जोर लावला की क्रँकचे आटे निघून येतात. संचातलं सगळ्यात महाग पडणारं नुकसान हेच. बॉटम ब्रॅकेटचं (क्रँकच्या दांड्याच्या बेअरिंगचं) सॉकेटही बहुधा जुन्या, आतून खाचा असलेल्या २० दात्यांच्या प्रकाराचंच असतं.

गोल चकतीच्या स्पोक-चावीकडे हात नेऊ नका. तिच्यात सात-आठ खाचा असतात, एकही घट्ट बसत नाही आणि स्पोकच्या निपल गोल होतात. चेन तोडायच्या हत्याराची पिन वाकते, विशेषतः ११-१२ गिअरच्या बारीक चेनवर. त्या चेनला वेगळं चांगलं घ्या. चेन किती झिजली ते पाहायला विकतचं काही नको. स्टीलच्या फूटपट्टीवर १२ पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक षोडशांश इंच वाढ दिसली की चेन बदला.

दुरुस्तीचा स्टँड मिळाला तर सोडू नका. मात्र पकड फ्रेमच्या नळीवर नको, सीटच्या दांड्यावर लावा. पातळ नळी दबते. सीटचा दांडा कार्बनचा असेल तर तोही नको. पुठ्ठ्यावरची वजनमर्यादा वाचा: बॅटरीची सायकल तिच्या जवळ किंवा वर जाते, बॅटरी काढूनच चढवा. पायडल काढण्यासारखी जोराची कामं स्टँडवर करू नका, सायकल डुलते आणि प्लास्टिकची पकड चिरते. सायकल जमिनीवर उभी करा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा.

बाकीचं, थोडक्यात

कुलूप घेऊ नका. तारेचं स्वस्त कुलूप साध्या कटरने काही सेकंदांत तुटतं, आणि ब्रिटनमध्ये सायकलचा विमा बहुतेक वेळा कुलपं तपासणाऱ्या 'सोल्ड सिक्युअर' संस्थेचा दर्जा मागतो. कुलपावर तो शिक्का नसेल तर चोरी झाल्यावर दावा अडतो.

कॅरिअरच्या बॅगा पाहताना हुकमध्ये तुमच्या दांड्याएवढ्या जाडीची वस्तू घालून बघा. ढिला हुक खड्ड्यात उडतो. कॅरिअरचा दांडा बारीक असेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून दांड्यावर गुंडाळा. बॅग लावून टाच मागे लागते का तेही बघा, ४५ नंबरच्या बुटाला बहुधा लागते.

वेगाचा छोटा मीटर घेतलात तर चाकाचा घेर पुस्तिकेतल्या यादीतून टाकू नका. व्हॉल्व्ह खाली आणा, जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून एक फेरा पुढे घ्या, पुन्हा खूण करा आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. २८-६२२ साठी ते २,१३६ च्या जवळ येईल.

तेलाचा स्प्रे चेनला चालतो, पण डिस्क ब्रेक असेल तर उडणारे बारीक थेंब चकतीवर बसतात आणि ब्रेक किंचाळू लागतो. चेनला बाटलीतलं, थेंबाथेंबाने सोडायचं तेल घ्या.

पावती दुकानाबाहेर पडताच फोटो काढून ठेवा, उष्णतेवर छापलेली शाई काही महिन्यांत उडते. ब्रिटनमध्ये सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने दिला आहे. जर्मनीत दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी दुकानदाराची असते, आणि पुठ्ठ्यावर याहून मोठी हमी छापलेली असेल तर तो पुठ्ठ्याचा तुकडाही कापून पावतीबरोबर ठेवा. कपड्यांचे टॅग पहिल्या खऱ्या फेरीपर्यंत काढू नका. घरातच खुर्चीवर वाकून अर्धा तास बसा, कुठे आवळतं ते तेवढ्यात कळतं.